पंधरा मिनिटांसाठी तहकूब

“बाई, आपण सदस्य आहात का?”

हत्तरगे सरांनी फळ्याकडून वळून थेट मलाच विचारलं आणि साठ-सत्तर पोरांच्या माना एकदम मागे फिरल्या. मी शेवटच्या बाकावर, सातवीतल्या एका मुलीच्या शेजारी, गुडघे कसेबसे आत घालून बसले होते.

“नाही. मी केतकीची आई. केतकी बिडवे, तिसऱ्या रांगेतली.”

“मग सभागृहात कशा?”

“मी नुसती बसते, सर. त्रास नाही देणार कुणाला.”

“त्रासाचा प्रश्न नाही हो,” सर अगदी शांतपणे म्हणाले, “पण सभागृहात फक्त सदस्य बसतात. बाकीचे सगळे बाहेरचे. मग तो परदेशचा राजा असो नाहीतर सदस्याच्या मातोश्री. बाहेरच्यांसाठी वर तो सज्जा आहे. त्याला आजपासून प्रेक्षक दीर्घा म्हणायचं. तिथे बसावं, बघावं, ऐकावं. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, खाणाखुणा करायच्या नाहीत.” मग ते मुलांकडे वळले. “हा पहिला धडा झाला. मातोश्रींनी आपणहून नमुना दाखवला, त्याबद्दल सभागृह त्यांचं आभारी आहे.”

पोरं खिदळली. केतकी हसली नाही. ती समोर बघत ताठ बसून होती. मागून मला तिचे कान लाल झालेले दिसले.

मी पर्स उचलली आणि लाकडी जिना चढून सज्जात जाऊन बसले.

बार्शीतल्या वाचनालयाच्या त्या सभागृहात दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाल विधानसभा भरायची. तालुक्यातल्या शाळांमधून मुलं यायची, रविवारी दिवसभर अधिवेशन चालायचं. जी पहिल्यांदाच आलेली असत त्यांना आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, सर सगळं समजावून सांगत. त्याला ते ‘नवख्यांची शाळा’ म्हणत. सर मूळचे बार्शीचेच. तीस वर्षं मुंबईला विधानभवनात प्रतिवेदक होते, म्हणजे सभागृहात जो जे बोलेल ते शब्दाला शब्द लिहून घेण्याचं काम. निवृत्त होऊन गावी आले आणि म्हणाले, मोठ्यांचं ऐकून कान विटले, आता लहानांचं ऐकू.

केतकी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने शाळेतून अर्ज आणला, स्वतः भरला, सहीपुरता माझ्यापुढे ठेवला. मी चार दिवस सही केली नाही.

कारण असं की दीड वर्षापूर्वी, सहावीच्या परीक्षेनंतर, केतकीला मधुमेह निघाला होता. लहान मुलांना होतो तो. दिवसातून तीनदा इन्सुलिनचं इंजेक्शन, बोट टोचून साखर तपासणं, घड्याळ लावून खाणं. तिचे बाबा लातूरला वीज मंडळात. ते शनिवारी रात्री यायचे नाहीतर रविवारी फोनवर असायचे. घरी मी, केतकी आणि सासूबाई. डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं होतं.

“पोरीची जात आहे, सूनबाई. उद्या सोयरीक जुळवायची वेळ येईल. गावभर करू नका.”

मी बी.एस्सी. झालेली. लग्नाआधी दोन वर्षं रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली. या बोलण्यात काही अर्थ नाही हे मला कळत होतं. तरी मी मान हलवली. शाळेत फक्त वर्गशिक्षिकेला सांगितलं, तेही दार लोटून. आणि केतकीला सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, अशक्तपणाची औषधं चालू आहेत.

शेवटी मी सही केली ती एका अटीवर. मी बरोबर येणार आणि तिथेच थांबणार. हत्तरगे सरांना सांगायचं मनात आलं होतं. “नको,” केतकी म्हणाली. “तूच म्हणतेस ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून?” मीही फार ताणलं नाही. मी आहे ना डोळ्यांसमोर, मग सरांना सांगून काय मिळवायचं? असा माझा हिशेब.

तर त्या शनिवारी मी सज्जातून खाली बघत होते आणि सर नवख्यांना घडवत होते.

“सभागृहात कुणी कुणाशी बोलत नाही,” सर म्हणाले.

“मग करतात काय, सर?” एका पोराने विचारलं.

“बोलतात सगळे. पण अध्यक्षांशी. तुम्हाला समोरच्याला गाढव म्हणायचं असेल, तर म्हणायचं, अध्यक्ष महोदय, समोरच्या सन्माननीय सदस्यांचा अभ्यास कमी पडतो आहे. करून बघा. तू ऊठ. नाव काय?”

“हर्षद कापसे.” गोल चेहऱ्याचा, खणखणीत आवाजाचा मुलगा उठला. “अध्यक्ष महोदय, माझ्या शेजारचे सन्माननीय सदस्य मघापासून माझ्या डब्यातल्या करंज्या खात आहेत. सरकार झोपलं आहे का?”

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. “झालं! विरोधी पक्षनेता सापडला.”

मग बाकीची पदं वाटायला घेतली. मंत्री व्हायला सगळ्यांचे हात वर. अध्यक्ष आधीच ठरलेली होती, तीन वर्षं येणारी दहावीतली मुलगी. मार्शलचं काम नववीतल्या रुखसार तांबोळीकडे, कारण ती कबड्डी खेळायची आणि दारात उभी राहिली की दार दिसायचं नाही.

“आता तालिका,” सर म्हणाले. “अध्यक्ष काही दिवसभर खुर्चीत बसून राहत नाहीत. त्यांनाही भूक असते, पाहुणे असतात. ते उठले की खुर्चीत कोण बसणार, त्यांची नावं आधीच जाहीर करतात. त्यांना म्हणायचं तालिका अध्यक्ष. एक लक्षात घ्या, सभागृह चालू असताना खुर्ची कधी रिकामी राहत नाही. दुसरं कुणी येईपर्यंत उठायचं नाही. कोणत्याच विषयावर मत द्यायचं नाही, भाषण नाही. हां, पण खुर्चीत असेपर्यंत अधिकार सगळे. गोंधळ झाला, सदस्याला बाहेर काढता येतं. वाटलं तर सभागृह तहकूब करता येतं, म्हणजे तेवढ्यापुरतं थांबवता येतं. आणि का थांबवलं, याचं कारण द्यावं लागत नाही. कोण होतं?”

कुणीच हात वर केला नाही. भाषण नाही म्हटल्यावर कोण कशाला करेल? मग तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेला. केतकीचा.

माझं मन खट्टू झालं. घरी आरशासमोर उभं राहून बोलणारी मुलगी, आणि इथे येऊन मुकाट्याने बसायचं काम मागतेय! मधल्या सुट्टीत मी धावतच खाली गेले. जिन्याखाली आडोशाला तिने बोट टोचलं.

“किती?”

“एकशे अठरा. आई, एवढ्या जोरात विचारू नकोस.”

“तालिका कशाला घेतलीस गं? त्यात बोलायला कुठे मिळतं?”

“बसायला मिळतं ना,” ती म्हणाली आणि यंत्र दप्तरात टाकून निघून गेली.

रविवारी सकाळी दहाला अधिवेशन सुरू झालं. सगळे पांढऱ्या सदऱ्यात, पांढऱ्या ओढण्यांत. समोर उंचावर अध्यक्षांची मोठी खुर्ची, तिच्यापुढे टेबल, टेबलावर ध्वनिक्षेपक आणि पितळी घंटा. दीर्घेत आम्ही आठ-दहा पालक. मी कठड्याला लागून, अगदी मधली जागा धरली. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजचा डबा, साखरेची पुडी, फळांच्या रसाची दोन छोटी खोकी आणि बिस्किटं होती. केतकीच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. अकराचं खाणं तिने मी बघत असताना खाल्लं, पण अर्धंच. दुपारचं जेवण एकला होतं.

बाराच्या सुमाराला प्रमुख पाहुणे आले. अध्यक्ष त्यांच्या स्वागताला उठली आणि केतकी खुर्चीत जाऊन बसली. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते.

विधेयक होतं, शाळांमधल्या मुलींच्या स्वच्छतागृहांना कडी, पाणी आणि उजेड असलाच पाहिजे याबद्दलचं. मला वाटलं होतं पोरं पाठ केलेलं म्हणतील. पण एक मुलगी उठून म्हणाली, “अध्यक्ष महोदया, आमच्या शाळेत कडी नाही म्हणून एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. ज्या दिवशी ती गैरहजर असते, त्या दिवशी मी पाणी पीत नाही.” केतकीने घंटा वाजवली नाही, दोन क्षण तसेच जाऊ दिले, आणि मग म्हणाली, “पुढचे सदस्य.” मला तिचं कौतुक वाटलं. कुठे शिकली ही?

पाहुण्यांचा चहा लांबला. अध्यक्ष काही परत येईना. सरांनीच नेमलेली तालिकेतली बाकीची दोन मुलं पाहुण्यांबरोबर फोटो काढायला गेली होती. पाऊण वाजला. एक वाजला. हर्षद कापसे बोलायला उठला होता आणि तो काही खाली बसायचं नाव घेत नव्हता.

एक वाजून सात मिनिटांनी केतकीने वरच्या ओठावरून बोट फिरवलं.

दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. नोव्हेंबरचा महिना, वर पंखे चालू, तिच्या वरच्या ओठावर घाम कुठून आला? मी पुढे वाकले. तिने पापण्या मिटल्या आणि उघडल्या, सावकाश. साखर उतरली की केतकीचं सगळंच सावकाश होतं. शब्दसुद्धा ती एकेक पुसून ठेवल्यासारखा बोलते.

“सन्माननीय... विरोधी... पक्षनेत्यांनी... वेळेचं भान ठेवावं,” ती म्हणाली.

मी हात हलवला. तिने बघितलं नाही. मी कठड्यावरून तोंडाशी हात नेऊन खाण्याची खूण केली. कोपऱ्यात बसलेल्या हत्तरगे सरांनी ती बघितली आणि मला बोटाने दटावलं. मी पुन्हा खूण केली. या वेळी केतकीने वर पाहिलं, सरळ माझ्याकडे, आणि मुद्दाम नजर खाली घेतली.

साखर फार उतरली की माणूस हट्टी होतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढचं काय तेही सांगितलं होतं. जीभ जड होते, शुद्ध जाते, झटके येतात. ती उंच खुर्ची, तो टेबलाचा कोपरा. खाली एकालाही माहीत नाही की या पोरीला काय आहे, कारण मीच कुणाला माहीत होऊ दिलं नव्हतं.

मी उभी राहिले.

“केतकी! साखर उतरतेय तुझी! गोळी खा आधी!”

सभागृहाला उंच छत होतं. माझा आवाज छताला लागून सगळ्यांवर पडला. हर्षदचं वाक्य अर्ध्यात तुटलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. ऐंशी-नव्वद चेहरे वर वळले आणि मग हळूहळू केतकीकडे.

“हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदया!” हर्षद गरजला. “दीर्घेतून सूचना येत आहेत! हे सभागृह कोण चालवतंय?”

मग मात्र पोरं मनसोक्त हसली. केतकीने घंटा वाजवली. एकदा, दोनदा. हसू थांबलं.

“प्रेक्षक दीर्घेतील व्यक्तींना... सभागृहात बोलता येत नाही,” ती म्हणाली.

“अगं, पण तुझा चेहरा बघ...”

“मार्शल.” तिने माझ्याकडे बघितलं नाही. “दीर्घेतील बाईंना बाहेर घेऊन जावं.”

बाई! माझ्या पोटच्या पोरीने मला बाई म्हटलं, ध्वनिक्षेपकावरून, सगळ्या तालुक्यादेखत.

रुखसार जिना चढून आली. लाल पट्टा, वर करून बांधलेले केस. “चला काकू.”

“मी नाही येणार. तू आधी खाली जा, तिला ही साखर दे. तुला कळत नाहीये...”

“काकू,” ती कळवळून, अगदी हळू म्हणाली, “मी तुम्हाला उचलू शकते. पण मला उचलायला लावू नका ना.”

शेजारच्या पालकांनी पाय आखडून वाट दिली. मी निघाले. त्या जिन्याच्या वीस-बावीस पायऱ्या. प्रत्येक पायरीला मला वाटत होतं, आता धप्पकन आवाज येईल. आता येईल. मी रुखसारच्या मनगटाला इतकं घट्ट धरलं होतं की कोण कुणाला नेतंय हे कळलं नसतं.

निम्म्या जिन्यात होतो तेव्हा वरच्या कर्ण्यातून केतकीचा आवाज आला.

“दीर्घेतील बाई बाहेर गेल्या का?”

“गेल्या,” कुणीतरी म्हणालं.

“आता ऐका.” मधे बराच वेळ काही नाही. मी थांबले, रुखसारही थांबली. “तालिका अध्यक्षांना मधुमेह आहे. त्यांची साखर कमी झाली आहे. ती वर यायला... पंधरा मिनिटं लागतात. सभागृहाचं कामकाज पंधरा मिनिटांसाठी तहकूब करण्यात येत आहे.”

“अध्यक्ष महोदया, माझं भाषण अर्धं राहिलंय!”

“सन्माननीय विरोधी पक्षनेत्यांचं भाषण पंधरा मिनिटांनी तिथूनच सुरू होईल. दुर्दैवाने.”

हास्याचा नुसता स्फोट झाला. पण आता ते हसू वेगळं होतं, ते मला जिन्यातसुद्धा कळलं. मग घंटा, आणि बाकं सरकल्याचा आवाज.

मी भिंतीला टेकले. रुखसार माझ्याकडे बघत होती.

“काकू, हिला डायबेटीस आहे होय? माझ्या मामूंना पण आहे. ते तर चोरून जिलेबी खातात.” एवढं बोलून ती खाली जाऊन दारात उभी राहिली. दीड वर्ष उशाखाली दडवून ठेवलेली गोष्ट, तिने मामूंच्या जिलेबीशेजारी नेऊन ठेवली.

मी पोचले तेव्हा केतकी व्यासपीठाच्या पायरीवर बसली होती. तोंडात गोळी, हातात दुसरी, भोवती पोरांचं कडं. तिने यंत्र काढलं, सगळ्यांसमोर बोट टोचलं.

“एकसष्ट,” ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही.

“म्हणजे कमी?” हर्षद गुडघ्यांवर बसून यंत्रात डोकावत होता. “दुखतं का गं? माझं टोच ना एकदा.”

“सुई बदलावी लागते. आणि तुझं भाषण ऐकून तुझी पण उतरली असेल.”

“मला तरी सांगायचं ना,” ती कडीवाली मुलगी म्हणाली, म्हणजे जिने मघाशी दार धरण्याचं सांगितलं ती. “मी वरती पाणी आणून दिलं असतं.”

“मला एक गोळी दे की,” दुसरं कुणीतरी. “वास मस्त येतोय.”

“औषध आहे ते, मूर्खा,” केतकी म्हणाली, पण तिने अर्धी गोळी मोडून दिली.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि हत्तरगे सर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते आधी केतकीच्या शेजारी खाली बसले, तिच्या कपाळाला हात लावला, यंत्रातला आकडा बघितला. मग माझ्याकडे मान वळवली.

“बाई, हे मला काल सांगायला नको होतं?”

हातातली साखरेची पुडी मी नुसती चुरत उभी राहिले.

“मीच नको म्हटलं होतं, सर,” केतकी म्हणाली. ती सावरून घेत होती, मला. हे खरं नव्हतं, निदान सगळं खरं नव्हतं, आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं.

सरांनी घसा साफ केला. “कामकाज तू उत्तम चालवलंस. नियमाला धरून. एक फक्त चुकलं. तहकुबीचं कारण द्यायची गरज नव्हती. अध्यक्षांना ते द्यावं लागत नाही.”

“माहितेय, सर. काल तुम्ही सांगितलंत. म्हणून तर तालिकेत नाव दिलं.”

सर तिच्याकडे बघतच राहिले. मीही.

“मंत्र्याला मधेच थांबता येत नाही. विरोधी पक्षनेत्याला तर नाहीच,” केतकी सांगत होती. तिचे शब्द आता भरभर यायला लागले होते. “सगळ्या सभागृहात थांबा म्हणता येतं ते एकट्या खुर्चीला. आणि का ते सांगावं लागत नाही. मला बरं वाटलं. म्हणजे काही झालं तर थांबवायचं, गोळी खायची, कुणाला कळणार नाही.”

“मग सांगितलंस का?”

“आई ओरडली ना. अर्धं तिने सांगून टाकलं.” तिने खांदे उडवले. “अर्धंच सांगितलं की वाईट दिसतं, सर. मग मी उरलेलं सांगून टाकलं.”

सर उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पोरांना ‘चला, चला, हवा येऊ द्या’ म्हणत पांगवलं. आम्ही दोघीच उरलो. मी पायरीवर तिच्या शेजारी बसले.

“मला बाहेर का काढलंस गं?”

“नियम आहे.”

“केतकी.”

ती गोळीचा कागद चोळामोळा करत होती. “तू वर असताना मी थांबवलं असतं, तर सगळ्यांना वाटलं असतं की आईने ओरडून सांगितलं म्हणून थांबवलं. मी थांबवणारच होते. हे बघ.” तिने डावा हात उलटा केला. तळव्यावर ग्लुकोज विरघळून पांढरा चिकट थर झाला होता. “केव्हाची गोळी हातात धरली होती. त्या हर्षदचं वाक्य संपायची वाट बघत होते. मधेच तोडलं असतं तर सरकारच्या बाजूने आहे म्हणाला असता. पण त्याचं वाक्य संपेचना!”

मला हसू आलं. मी पदराने तिचा तळवा पुसला. तिने पुसू दिला.

“आजीला काय सांगायचं?” मी विचारलं.

“कशाबद्दल?”

“आता गावभर झालं.”

“मग सांगायचं काय राहिलं?” ती म्हणाली.

पंधरा मिनिटांनी तिने पुन्हा बोट टोचलं. ब्याऐंशी. मी आणलेली बिस्किटं खाल्ली, ओंजळीने पाणी प्यायली. तेवढ्यात अध्यक्ष धापा टाकत आली, म्हणाली, सॉरी सॉरी, मी बसते आता. केतकी म्हणाली, “विरोधी पक्षनेत्यांना मी शब्द दिलाय. तेवढं पुरं करते.” आणि तोंड पुसून खुर्चीकडे गेली.

रुखसार जिन्याशी उभी होती. “काकू, तुम्हाला परत वर सोडायचं का, विचारू का अध्यक्षांना? हो म्हणेल ती.”

“नको,” मी म्हणाले.

सभागृहाला लागूनच वर्तमानपत्रं वाचायची खोली होती. रविवार म्हणून रिकामी. खिडकीखाली एक लांब लाकडी बाक. मी तिथे जाऊन बसले. पर्स मांडीवर घेतली, मग शेजारी ठेवली. भिंतीपलीकडून घंटा वाजली, बाकं सरकली, आणि हर्षदचा आवाज पुन्हा सुरू झाला, जिथे तुटला होता तिथून. अधूनमधून केतकीचा आवाज यायचा. शब्द कळत नव्हते, पण ते भराभर येत होते, एकाला एक लागून. मी ते ऐकत होते. ऊन बाकाच्या टोकापर्यंत आलं होतं. दीड वर्षात मी एकही रात्र सलग झोपले नव्हते. पहाटे तीनचा गजर, तिचं बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा, मग सकाळपर्यंत तिचा श्वास ऐकत पडायचं. हे सगळं त्या बाकावर बसल्या बसल्या मला आठवलं, आणि एवढं आठवून होईपर्यंत मान कधी कलली ते कळलं नाही.

जाग आली ती माझ्याच मोबाइलच्या आवाजाने. पण मी हात लांबवायच्या आत तो कुणीतरी उचलला होता.

“हॅलो, बाबा? हो, मीच. झालं सगळं. विधेयक पास झालं, एकमताने.” केतकी माझ्या पायांशी बसली असावी. तिचा आवाज कुजबुजता होता आणि तोंडात घास होता. “आई? आई झोपलीय... नाही, नाही, इथेच, वाचनालयात... अहो बाबा, तिला काही झालं नाहीये. नुसती झोपलीय... खरंच. मी कशाला खोटं सांगू? हे बघा, घोरतेय पण थोडी.”

मी घोरत नव्हते. डोळे मात्र मी उघडले नाहीत.